पळताना पडला, की थांबल्यावर?

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यातल्या एका गावात राहते. आमची द्राक्षबाग आहे. मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला. पोलीस भरतीची तयारी करतो, त्यासाठी नाशिकला अकादमीत रोज पहाटे पळायला जातो. गेल्या महिन्यात सोळाशे मीटर पळताना चक्कर येऊन पडला. मिनिटभरात शुद्धीवर आला. ईसीजी, टू-डी इको, टीएमटी (ट्रेडमिलवर पळवून काढलेला ईसीजी) सगळं नॉर्मल निघालं. पण एका डॉक्टरांनी सीटी अँजिओ करायला लावली. त्यात उजवी करोनरी, म्हणजे हृदयालाच रक्त पुरवणारी उजवी नळी, जन्मापासूनच चुकीच्या बाजूने निघालेली आहे असं आलं. एक डॉक्टर म्हणतात, ओपन हार्ट करून टाका. दुसरे म्हणतात, काही करायचं नाही, फक्त पळणं सोडा. दीर म्हणतात, स्टेंट टाकून मोकळे व्हा. शिवाय, हृदय खराब असतं तर पोरगा तीन वर्षं एवढा पळाला असता का, असंही विचारतात. सासूबाई म्हणतात, पोटुशी असताना तू ग्रहण पाळलं नाहीस. मुलगा म्हणतो, भरती निघाली की मी जाणारच. धाकटी तेरा वर्षांची आहे, खो-खो खेळते. तिलाही हेच असेल का? कुणाचं ऐकू?
– एक आई

उत्तर :

ताई, ग्रहणाचं आधी संपवते. गर्भाच्या हृदयावर रक्तवाहिन्यांचं जाळं तयार होतं आणि ते महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीला, जोडलं जातं, ते दुसऱ्या महिन्याच्या आसपास. पुष्कळ बायकांना तेव्हा दिवस गेल्याची खात्रीसुद्धा झालेली नसते. त्या जोडणीत थोडा इकडेतिकडे फरक पडतो आणि तो का पडतो, याचं एक असं कारण कुणालाही दाखवता आलेलं नाही. तुम्ही काय चिरलंत, काय खाल्लंत, कधी बाहेर गेलात याचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखवा आणि विषय बंद करा. तुमच्यापुढे त्याहून मोठी कामं आहेत.

आता माझा तुम्हाला प्रश्न. तुम्ही लिहिलंय, ‘पळताना चक्कर येऊन पडला’. नक्की पळताना? म्हणजे पाय धावत असताना, शर्यतीच्या मध्यात, काही कळायच्या आत खाली? की शेवटची रेषा ओलांडून थांबला, कमरेवर हात ठेवून उभा राहिला, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मग बसकण मारली? तुमच्या पत्राच्या उत्तराचा निम्मा भाग या एका गोष्टीवर ठरणार आहे, आणि ती कुठल्याच मशीनमध्ये दिसत नाही.

जोरात पळून एकदम थांबलं की पायांत उतरलेलं रक्त वर चढवायला पोटऱ्यांची मदत मिळत नाही. रक्तदाब पडतो, घाम सुटतो, मळमळतं, माणूस खाली बसतो. रिकाम्या पोटी, पाणी न पिता पळणाऱ्या मुलांत हे नेहमी दिसतं आणि बहुतेक वेळा ते निरुपद्रवी असतं. पळण्याच्या ऐन भरात, कसलीही सूचना न मिळता कोसळणं हे मात्र हृदयाचं लक्षण मानायचं, दुसरं काही सिद्ध होईपर्यंत. अशा वेळी हात पुढे करून स्वतःला सावरायलाही सवड मिळत नाही. म्हणून हनुवटी फुटली होती का, गुडघे-कोपरं सोलली होती का, हे आठवा.

त्याला स्वतःला हे नीट सांगता येणार नाही. शुद्ध गेलेल्या माणसाची त्या मिनिटाची आठवण भरवशाची नसते. त्याच्या शेजारून पळणाऱ्या दोन-तीन मुलांना घरी बोलवा, चहा पाजा आणि प्रत्येकाला वेगवेगळं विचारा. कितव्या राउंडला पडला? त्याआधी छातीवर हात ठेवला होता का? चेहरा पांढरा पडला की निळसर? हातपाय झटकले का, आणि झटकले तर किती वेळ? काही सेकंदांचे झटके साध्या चक्करेतही येतात, त्यावरून फिट ठरवू नये. हल्ली अकादमीतली मुलं एकमेकांचे व्हिडिओ काढतात. त्या दिवशीचा एखादा कुणाच्या मोबाइलमध्ये असेल तर तो मिळवा. त्याच्या मनगटावर नाडी मोजणारा पट्टा असेल तर त्या पहाटेची नोंद जपून ठेवा. पूर्वी कधी चढ चढताना, क्रेट उचलताना छातीत दाब आला, धडधडलं आणि त्याने ते घरी लपवलं, असं झालं होतं का, हेही मित्रांनाच विचारा. सतरा वर्षांची मुलं आईला जे सांगत नाहीत ते मित्रांना सांगतात. हे सगळं एका कागदावर, तारीख घालून, जसं सांगितलं तसं लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक डॉक्टरापुढे फाइलच्या वर तो कागद ठेवायचा.

आता त्याच्या छातीत नेमकं काय वेगळं आहे ते. महाधमनी हृदयातून जिथे निघते तिथे तिच्या मुळाशी तीन कप्पे असतात. उजव्या कप्प्यातून उजवी करोनरी निघते, डाव्यातून डावी, तिसऱ्यातून काही निघत नाही. तुमच्या मुलाची उजवी करोनरीही डाव्या कप्प्यातूनच निघाली आहे. तिला पोचायचं मात्र उजवीकडेच आहे, म्हणून ती महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्या मधून वाट काढत जाते. ‘दोन मोठ्या नळ्यांमध्ये चेपली जाते’ असं तुम्हाला कुणी समजावलं असेल. ते अर्धंच खरं आहे. फुप्फुसधमनीतला दाब कमी असतो, ती फारसं चेपू शकत नाही. खरी अडचण करोनरीच्या तोंडाशी आणि पहिल्या काही मिलिमीटरमध्ये असते. तुम्ही बागायतदार आहात म्हणून ठिबकचं उदाहरण देते. मेन पाइपला सरळ भोक पाडून लॅटरल, म्हणजे बारीक नळी, काढली तर तोंड गोल राहतं. तीच तिरकी घुसवली आणि पाइपच्या जाडीतूनच पुढे सरकवत नेली, तर तोंडाची फट होते आणि मेनमधला दाब वाढला की जाडीतला तुकडा चपटा होतो. पळताना महाधमनी दर ठोक्याला ताणते, ठोके वाढतात, आणि हृदयाला सगळ्यात जास्त रक्त हवं असतं नेमक्या त्याच वेळी ही फट आवळते. एरवी घरात, शाळेत, झोपेत काहीच होत नाही.

ईसीजी, टीएमटी नॉर्मल का आलं, याचं उत्तर यातच आहे. निवांत पडलेल्या मुलाचा ईसीजी नॉर्मलच येणार. ट्रेडमिलवरसुद्धा ही फट दर वेळी आवळतेच असं नाही. २००० साली अशा २७ तरुण खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अमेरिकेतले आणि इटलीतले हे खेळाडू चुकीच्या कप्प्यातून निघालेल्या करोनरीमुळे अचानक गेले होते. त्यांतल्या ९ जणांचा आधी ईसीजी झाला होता, ६ जणांची स्ट्रेस टेस्ट झाली होती. सगळे रिपोर्ट नॉर्मल. पण १० जणांना आधीच्या काळात चक्कर किंवा छातीत दुखणं यांसारखी काहीतरी खूण मिळाली होती. म्हणून ‘टीएमटी चांगली आहे, जा पळायला’ असं तुमच्या मुलाला कुणी म्हणालं तर ते धरू नका. ज्या डॉक्टरांनी एवढं सगळं नॉर्मल असूनही सीटीचा हट्ट धरला, त्यांचे आभार माना.

त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट तुम्हाला थोडा धीर देणारी आहे. त्या २७ पैकी २३ जणांची डावी करोनरी चुकीच्या कप्प्यातून निघालेली होती. उजवी फक्त चौघांची. आणि एकूण लोकसंख्येत उजवीचा दोष डावीपेक्षा जास्त आढळतो. म्हणजे उजवीचा धोका डावीच्या मानाने पुष्कळच कमी. डावी असती तर मी इतकं लिहीत बसले नसते. त्रास असो-नसो, तरुण वयात ऑपरेशनकडेच कल राहतो. उजवीत मात्र खरोखरच दोन मतं होऊ शकतात. तुमच्या दोन डॉक्टरांपैकी एक शहाणा आणि एक अडाणी असं नाही. कदाचित दोघांनी तुमच्या मुलाची हकिगत वेगवेगळी ऐकली असेल, एवढंच.

दिरांच्या मुद्द्याबद्दल सांगते. पीट मॅराविच नावाचा अमेरिकन बास्केटबॉलपटू १९७० ते १९८० अशी दहा वर्षं तिथल्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये खेळला. १९८८ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मित्रांबरोबर सहज खेळताना कोसळला आणि गेला. शवविच्छेदनात कळलं की त्याला डावी करोनरी जन्मापासून नव्हतीच. त्याचा दोष तुमच्या मुलापेक्षा वेगळा होता, पण आजवर पळाला म्हणून उद्याही सुरक्षित, असा हिशोब इथे लागत नाही.

मग पुढे काय करायचं? सीटीची नुसती रिपोर्टची पानं नको, सीडी घ्या. रिपोर्टमध्ये ‘उजवी करोनरी डाव्या कप्प्यातून’ एवढंच असेल तर तो अर्धवट आहे. तोंड गोल आहे की फटीसारखं, किती तिरक्या कोनात निघाली आहे, महाधमनीच्या भिंतीतून किती मिलिमीटर जाते, त्या तुकड्यात ती किती अरुंद झाली आहे, हे त्यात हवं. लहान मुलांच्या हृदयाचं काम नेहमी बघणाऱ्या रेडिओलॉजिस्टला त्याच सीडीवरून हे सांगता येतं, बहुधा पुन्हा सीटी करावी लागत नाही. ती करताना ठोके मंद नव्हते आणि चित्रं हललेली आहेत, असं निघालं तरच पुन्हा.

दुसरं, जोर पडल्यावर हृदयाच्या उजव्या-खालच्या भागाला रक्त कमी पडतं का, हे बघणारी तपासणी. साधी टीएमटी नव्हे. पळवून लगेच केलेला न्यूक्लिअर स्कॅन, स्ट्रेस इको, किंवा डोब्युटामिन नावाचं औषध देऊन ठोके वाढवून केलेला एमआरआय. डोब्युटामिन हृदयाला पळाल्यासारखं कामाला लावतं, म्हणून या दोषात त्याला महत्त्व आहे. यासाठी तुम्हाला मुंबई-पुण्याची फेरी पडू शकते. माझ्या मते ती फेरी वाया जाणार नाही.

आणि तिसरं, जे या धांदलीत हमखास राहून जातं. सीटीत एक दोष सापडला म्हणजे चक्कर त्याच्यामुळेच आली, असं होत नाही. अँजिओग्राफी केलेल्या शंभर माणसांत साधारण एकाच्या करोनरीत जन्मजात काही ना काही वेगळेपण सापडतं आणि त्यांतले बहुतेक ऐंशीव्या वर्षी दुसऱ्याच कुठल्या आजाराने जातात. पळताना कोसळण्याला हृदयाचे स्नायू जाड असणं, ठोक्यांच्या विजेतला जन्मजात दोष अशी इतरही कारणं आहेत. ईसीजीतला क्यूटी कालावधी (दर ठोक्याला हृदयाची वीज पूर्ववत व्हायला लागणारा वेळ) कुणीतरी हाताने मोजला का, एक-दोन दिवसांचं होल्टर (ठोक्यांची सलग नोंद ठेवणारं छोटं यंत्र) लावलं का, ते बघा. घरात, तुमच्या माहेरी, कुणी तरुणपणी झोपेत, पाण्यात किंवा धावताना अचानक गेलं आहे का, हेही सांगा. ज्या दिवशी पडला त्या दिवशी ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी, काढलं होतं का? फाइलमध्ये शोधा. वाढलेलं असेल तर त्याला वजन आहे.

माझा कल विचाराल तर तो असा. तो पळण्याच्या भरात कोसळला असेल, करोनरी भिंतीतून जात असेल, तोंड फटीसारखं असेल आणि दुसरं कारण सापडलं नसेल, तर मी ऑपरेशनच्या बाजूची आहे. रक्त कमी पडल्याचं तपासणीत दिसलं तर प्रश्नच नाही. उलट, तो थांबल्यावर उपाशीपोटी बसला, तपासण्या स्वच्छ आल्या, तोंड बऱ्यापैकी गोल निघालं, तर मी छाती उघडायला सांगणार नाही. मग दरवर्षी तपासणी, आणि पळण्याचा निर्णय धोका नीट समजून घेऊन, त्याच्यासकट सगळ्यांनी मिळून. दुसरे डॉक्टर म्हणतात तसं पळणं कायमचं बंद, हा उपाय या दोन्हींत बसत नाही. सतरा वर्षांच्या मुलाला बंदी घालून ठेवली की तो चोरून पळतो.

ऑपरेशनला इंग्रजीत ‘छप्पर काढणं’ अशा अर्थाचं नाव आहे. छाती मधोमध उघडतात, हृदय-फुप्फुस यंत्रावर घेतात आणि महाधमनीच्या आतून, करोनरी भिंतीत जितकी दडली आहे तितका पडदा कापून टाकतात. फटीच्या जागी योग्य ठिकाणी मोठं तोंड तयार होतं. भिंतीतला तुकडा नसेल किंवा आखूड असेल तर करोनरी कापून उजव्या कप्प्यात पुन्हा शिवतात. कसबी हातांत धोका कमी आहे, शून्य नाही. महाधमनीच्या झडपेचा एक कोपरा याच जागेजवळ असतो, तो दुखावला तर झडप गळू शकते. काहींना ऑपरेशननंतर हृदयाभोवती पाणी होतं. काहींना छातीत दुखणं पुन्हाही येतं. म्हणून सर्जनला थेट विचारा, तरुण मुलांमधली ही नेमकी ऑपरेशनं त्यांनी किती केली आहेत. बायपास किती केल्या, हा आकडा इथे उपयोगाचा नाही. कुठल्या हॉस्पिटलमध्ये जायचं ते मी या सदरात सांगत नाही. जन्मजात हृदयदोषांची वेगळी टीम जिथे असेल तिथे जा, मग ते चकचकीत नसलं तरी चालेल.

दिरांचा स्टेंट नको. चरबी साचून अरुंद झालेल्या नळीसाठी तो ठीक, इथे बाहेरून चेपणारी भिंत आहे आणि पुढे साठ वर्षांचं आयुष्य आहे. वाढत्या मुलाला स्टेंट आणि त्यामागून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, हे कुणी आग्रहाने सांगत असेल तर दुसरं मत घ्या. बायपासही सहसा नको. एरवी त्याच्या करोनरीतून रक्त भरपूर वाहतंच. मग नवीन जोडलेल्या नळीला काम उरत नाही आणि ती बंद पडते.

ऑपरेशन झालं तर निदान तीन महिने मैदान नाही. मग जोर देऊन पुन्हा तपासणी, ती चांगली आली तर हळूहळू पळणं. भरतीच्या वैद्यकीय तपासणीत छातीवरच्या व्रणाबद्दल विचारतील; काय अट आहे ते आताच अधिकृत जाहिरात आणि नियम वाचून खात्री करून घ्या, अकादमीतल्या कुणाच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. व्रण लपवता येत नाही आणि दोष लपवून मैदानात उतरणं मला मान्य नाही.

हे सगळं ठरेपर्यंत पळणं पूर्ण बंद. ‘हळू पळतो’ हेही नाही. चालणं, कॉलेज, घरातली साधी कामं चालतील. छाटणीच्या गडबडीत मजूर मिळत नाहीत, हे मला माहीत आहे. तरीही फवारणीचा पंप पाठीवर घेऊन ओळीओळीतून पळायला आणि क्रेट वाहायला त्याला लावू नका. विहिरीत एकट्याने पोहायचं नाही. व्यायामाआधी घेतात त्या पावडरी आणि एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या फेकून द्या. डॉक्टरांनी ठोके मंद करणारी गोळी दिली असेल तर ती द्या, पण गोळी सुरू आहे म्हणून पळायला हरकत नाही, असा अर्थ काढू नका.

पुन्हा कोसळला आणि हाक मारून हलवलं तरी उठत नसेल, श्वास नीट नसेल, तर कांदा हुंगवणं, पाणी मारणं यात वेळ घालवू नका. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी दाबायला सुरुवात करायची, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत. हे घरातल्या प्रत्येकाने आणि त्याच्या मित्रांनी शिकून घ्यावं. नाशिकमध्ये हिरावाडीच्या क्रीडा संकुलापासून गोल्फ क्लबच्या ट्रॅकपर्यंत पहाटे शेकडो मुलं पळताना दिसतात. त्यांतल्या किती जणांना हे दाबणं येतं? आपल्या जिल्ह्याने सावरपाड्याच्या कविता राऊतसारखी धावपटू देशाला दिली. इथल्या प्रत्येक अकादमीने वर्षातून एक सकाळ यासाठी काढावी, असं मला वाटतं.

धाकटीचं. हा दोष बहुतेक वेळा एकट्यादुकट्यातच असतो, पण एकाच घरात दोघांना सापडल्याचीही उदाहरणं आहेत. तिला सीटी नको, उगाच किरणं आणि सुई. एक इको करा, पण चिठ्ठीवर ‘दोन्ही करोनरींची तोंडं बघावीत’ असं लिहून घ्या, कारण नेहमीच्या इकोत ती मुद्दाम बघितली नाहीत तर सुटतात. तुमच्या मुलाच्याही इकोत सुटलीच. तिच्या दोन्ही जागच्या जागी दिसल्या की खो-खो सुरू.

ज्यांच्या घरी तान्हं बाळ आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. डावी करोनरी महाधमनीऐवजी फुप्फुसधमनीतून निघणं हा फार दुर्मीळ, साधारण तीन लाखांत एक, पण गंभीर प्रकार आहे. बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं की दूध पिताना घामेघूम होतं, कळवळून रडतं, धाप लागते, वजन वाढत नाही. पोटात दुखतंय म्हणून घुटी देत बसू नका, त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्या. यात ऑपरेशनला पर्याय नाही, आणि वेळेवर झालं तर थकलेलं हृदयही पुष्कळ सावरतं.

पैशाचं लिहिलं नाहीत, पण ते मनात असणारच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. नाशिकला शालिमारच्या संदर्भ सेवा रुग्णालयात किंवा योजनेतल्या कुठल्याही रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, भेटा. रेशनकार्ड, आधार आणि सीटीचा रिपोर्ट न्या, आणि हे ऑपरेशन कुठल्या नावाखाली मंजूर होतं ते तिथेच विचारा. मुलगा सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशीही करा. तो कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतचा आहे, म्हणून ही चौकशी दिवाळीनंतर करू म्हणून ठेवू नका.

शेवटी, पुढच्या भेटीला त्याला बाहेर बाकावर बसवू नका, डॉक्टरांसमोर खुर्चीवर बसवा. सीटीचं चित्र त्याला दाखवायला सांगा, प्रश्न त्याला विचारू द्या. आणि अकादमीच्या सरांना आजच लेखी कळवा, की डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत त्याला ट्रॅकवर घेऊ नये. चिठ्ठीची एक प्रत स्वतःकडे ठेवा.